नजमा मॅडमचा तास

राळेगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होते, तेव्हा मैत्रिणीचा फोन आला. "नजमा मॅडम गेल्या गं." त्यानंतर समोरून गाड्या जात होत्या, पण आवाज येत नव्हता... मी मारेगावला पोचले तोवर त्यांना नेलं होतं.

तिथल्या कॉलेजात त्या आम्हाला वेगवेगळ्या धर्मांची ओळख शिकवायच्या. पेपर सोपा असतो म्हणून आम्ही तो घेतलेला. आम्हाला देव माहीत होता तो डीजेपुढचा आणि मोबाईलच्या स्टेटसवरचा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "प्रार्थना कुणाकुणाला येते?" शाळेतली सोडून कुणालाच येत नव्हती. त्या खिडकीबाहेरच्या फुटलेल्या कापसाकडे बघत म्हणाल्या, "मग सोबतच शिकू. मलाही पुरती कुठं येते?"

मग कधी बुद्ध, कधी येशू, कधी गोंडांचा बडादेव... शेजारच्या घरी कुणी झोपलं असावं, इतक्या हळू आवाजात त्या सांगत. एकदा मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, यातला खरा कोनता?" त्या हसल्या. "हा प्रश्न परीक्षेत येत नाही रे. जगताना येतो."

मला तो लवकरच आला. दुसऱ्या वर्षाला असताना बाबा गेले. त्यांनी आयुष्यभर देव मानला नाही. आमच्या घरात तसबीरसुद्धा नव्हती. उचलायच्या आधी काका म्हणाले, "पोरी, बापाच्या कानात देवाचं नाव घे." कुठलंही नाव घेतलं असतं तरी ते बाबांशी खोटं बोलल्यासारखं झालं असतं. मी गोठ्यामागं जाऊन मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मले काहीच येत नाही. काय म्हणू?"

त्यांनी विचारलं, "ते तुला रोज काय म्हणायचे?"

"वावरातून आले की... जेवली काय माय, म्हणायचे."

"मग तेच म्हण, बेटा."

मी बाबांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "बाबा, जेवले काय?" काका चमकून माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांना लावला.

गेल्या आठवड्यात कॉलेजात गेले होते. मॅडमची वर्गखोली उघडीच होती, पंखाही कुणीतरी चालूच ठेवला होता. तास संपायच्या थोडं आधी त्या पंखा बंद करत आणि म्हणत, "आता जे ऐकू येतं, ते ऐका." मी बटण दाबलं. पाती सावकाश थांबली... कापूस वेचणाऱ्या बायांचं बोलणं, लांब कुठं हापशी, मधेच एखादं पाखरू. घंटा झाली, तरी मी बसूनच राहिले.