घड्याळवाल्याच्या छतातून मावशीचा पाय

माझी मावशी लोकांच्या घरात तेव्हा शिरते, जेव्हा घरातले लोक बाहेर पळालेले असतात. धंदा साफसफाईचा, पण झाडूपोछ्याचा नव्हे. गटाराचं पाणी घरात उलटलं, कुठे रक्त सांडलं, पोटमाळ्यावर कबुतरांनी वर्षानुवर्षं संसार थाटला, किंवा एकटा राहणारा कुणी बंद दाराआड गेला आणि उशिरा कळलं, की मावशीचा फोन वाजतो. पाहुण्यांनी विचारलं तर आई "ती साफसफाईचं काहीतरी बघते" एवढंच म्हणते आणि घाईघाईने चहा ओतायला लागते. मावशी मात्र जेवताजेवता सगळं सांगते. ती आमच्याकडे जेवायला आली की भाजी हमखास उरते.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, देहाने दाराएवढे आणि काळजाने चिमणीएवढे. कुणाचं बोट कापलं तरी खाली हे बसतात. त्यामुळे कामाची वाटणी आपोआपच झाली: मावशी आत, काका बाहेर. खोलीच्या दारात जमिनीवर लाल चिकटपट्टी मारायची. पट्टीच्या अलीकडे स्वच्छ, पलीकडे घाण. पलीकडची वस्तू बंद पिशवीतूनच अलीकडे येणार आणि अलीकडचा माणूस सूट घातल्याशिवाय पलीकडे जाणार नाही, मग तो देव का असेना. काका तिला पांढरा सूट चढवतात, एकावर एक हातमोज्यांच्या दोन जोड्या घालतात, मनगटाला पट्टी गुंडाळतात, गॉगल आणि फिल्टरचा मास्क बसवतात. काम संपलं की सूट उतरवायची कवायत तेच दारातून घेतात. "आधी बाहेरचे हातमोजे! उलटे करून! तोंडाला हात लावू नकोस!"

"बायकोला हुकूम सोडायची एवढीच एक जागा आहे मला," काका म्हणतात. "म्हणून तर धंद्यात टिकलोय."

दर मात्र मावशी ठरवते, आणि फोनवर कधीच सांगत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "अंदाजे तरी?" ती म्हणते, "अंदाजे ऑपरेशन करून घ्याल का?" जागेवर गेली की ती डागाकडे नंतर बघते, आधी डाग कशावर बसलाय ते बघते. फरशी पीत नाही, लाकूड पितं, गादी तर अधाशासारखी पिते. लाकडावर बशीएवढा दिसणारा डाग खाली परातीएवढा निघतो. जे प्यायलं ते कापून काढायचं, झाकणबंद पिंपात भरायचं आणि परवाना असलेल्या भट्टीत जाळायला पाठवायचं. ती भट्टी पिंपामागे पैसे घेते. म्हणून मावशीच्या दरात अर्धी मेहनत आणि अर्धी पिंपं. लोकांना मेहनत समजते, पिंपं समजत नाहीत.

बाजाराच्या कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यालाही समजली नाहीत. त्याचं दुकान खाली, वर एक खोली, दोन्ही त्यानेच भाड्याने घेतलेली. वरच्या खोलीत त्याने एका एकट्या म्हाताऱ्याला ठेवलं होतं. तो झोपेतच गेला. बिचारा हयातीतही कुणाला आवाज देत नसे, त्यामुळे गेल्याचंही काही दिवस कळलं नाही. कळलं ते खालच्या गिऱ्हाइकांना, नाकाने. त्यांनी दुकानात येणं सोडलं. आणि इमारतीचा मालक दारात येऊन सांगून गेला, "आठवडाभरात वास गेला नाही, तर वास आणि तू, दोघंही बाहेर."

तीस वर्षांचं दुकान. घड्याळवाल्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरीकडे त्याला ओळखत कोण होतं?

मावशीने वरची खोली बघितली, खाली येऊन दुकानाचं छत बघितलं आणि दर सांगितला. घड्याळवाला हबकला. "ताई, एवढ्यात मी म्हाताऱ्याचं स्मारक बांधेन!"

"बांधा. पण वास स्मारकालाही येईल."

त्याने दुसरा माणूस गाठला. त्याला आमच्याकडे सगळे अत्तऱ्या म्हणतात. अत्तऱ्या कुठल्याही संकटावर गुलाबाचा फवारा मारतो आणि निम्मे पैसे घेऊन जातो. तीन दिवसांनी दुकानात असा वास सुटला की जणू गुलाबाच्या बागेत कुणीतरी मेलंय. घड्याळवाला खाली मान घालून परत आला.

"आता दर थोडा वाढला," मावशी म्हणाली.

"वाढला? अहो, तो एकदा पुसून गेलाय की!"

"तेच तर. आधी घाण एका जागी होती, त्याने ती फडक्याने खोलीभर फिरवली. आता मला सांगा, त्याने काय काय ओतलं? सगळं आठवून सांगा. एकाच्या औषधावर दुसऱ्याचं औषध पडलं की विषारी वायू होतो. मग वर मीही झोपेन, कायमची."

घड्याळवाल्याने अत्तऱ्याच्या रिकाम्या बाटल्या आणून दाखवल्या. एकीत ॲसिड होतं. मावशीने पहिला दिवस नुसत्या पाण्याने धुण्यात आणि खिडक्या उघड्या ठेवण्यात घालवला. घड्याळवाला खाली येरझाऱ्या घालत होता. मालकाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकान रिकामं करवलं, सगळ्यावर प्लॅस्टिक अंथरलं, घड्याळवाल्यालाही मास्क दिला. मग वर गेली. आत शिरताना ती नेहमी गेलेल्या माणसाशी बोलते. "येते हं, आजोबा. तुमची खोली नीट करून देते." काकांनी हे ऐकलं की ते पट्टीपासून आणखी एक पाऊल मागे सरकतात.

तिने जंतुनाशक शिंपडलं आणि वाट बघत बसली. घासायची घाई करायची नाही, औषधाला त्याचा वेळ द्यायचा. मग डागाळलेल्या फळ्या कापून पिंपात भरल्या. सगळं अगदी व्यवस्थित चाललं होतं. डाग दिसेल तिथे मावशी मांजरीसारखी पाऊल टाकते. पण स्वच्छ दिसणाऱ्या लाकडाला ती घाबरत नाही, आणि चुकली ती तिथेच. एक फळी काढून ती मागे सरकली, भिंतीजवळच्या कोऱ्या करकरीत दिसणाऱ्या फळीवर पाय ठेवला, आणि फळी कडकन मोडून पाय मांडीपर्यंत खाली गेला.

खाली दुकानाच्या छतातून पांढऱ्या सुटातला एक पाय बाहेर आला.

वर काका ओरडत धावले. "अगं!"

"मागे! पट्टीच्या मागे!"

"अगं तू पडतेयस!"

"पडत नाहीये, अडकलेय. अडकलेल्या माणसाला घाई नसते. आधी सूट घाला!"

पुढचं काका एका पद्धतीने सांगतात आणि मावशी दुसऱ्या. काकांच्या मते त्यांनी क्षणात सूट चढवला. मावशीच्या मते त्यांनी दोन्ही पाय सुटाच्या एकाच पायात घातले आणि दारात बेडकासारख्या उड्या मारल्या. गॉगलबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे.

"गॉगल कपाळावर आहे. डोळ्यांवर घ्या."

"डोळ्यांवर घेतला तर सगळं दिसेल!"

"दिसू दे! मी पण दिसेन!"

तेवढ्यात तिला सुटाची काळजी लागली. फाटला असेल तर लगेच धुवायला हवं होतं. तिने भोकातून खाली हाक मारली, "दादा, पायाला हात न लावता बघा, सूट कुठे फाटलाय का?"

घड्याळवाला स्टुलावर चढला. आयुष्यभर कुठलीही गोष्ट बघायची म्हणजे डोळ्याला भिंग लावूनच, या सवयीने त्याने भिंग लावलं आणि पायाची घोट्यापासून तपासणी केली, जशी बंद पडलेल्या घड्याळाची करतो. "फाटला नाही, ताई. शिवण शाबूत." मग नजर आणखी वर गेली. "पण इथे पाइप गळतोय."

नेमका तेव्हाच मालक दुकानात शिरला.

"हे काय?"

"सफाई चालू आहे, मालक."

"छतातून?"

"खोल सफाई आहे."

 घड्याळवाल्याने मालकाला स्टुलावर चढवलं. म्हाताऱ्याच्या खोलीच्याही वरच्या मजल्यावर मालक राहायचा; त्याच्या न्हाणीघराचा पाइप भिंतीतून उतरत होता, आणि सांध्यातून पाणी थेट फळ्यांच्या पोटात जात होतं. वरून कोरी दिसणारी फळी खालून काळी पडून भुसभुशीत झाली होती. कुजकट, ओला वास नाकात शिरला आणि मालकाने तोंड फिरवलं.

"टिक म्हणायला एक थेंब, टक म्हणायला दुसरा," घड्याळवाला म्हणाला. "माझ्या दुकानात इतकं नियमित दुसरं काही चालत नाही."

"काल-परवा सुरू झालं असेल," मालक पुटपुटला.

"काल-परवाच्या पाण्याने लाकूड साबणासारखं होत नाही!" छतातून आवाज आला आणि पाय रागाने हलला. "आजोबांचा वास पिंपात भरलाय मी. राहिलेला तुमचा आहे!"

मालक त्या पायाकडे बघतच राहिला. पायाशी वाद कसा घालायचा, हे त्याला कुणी शिकवलं नसावं.

वर काका एकदाचे पट्टी ओलांडून आत गेले. नजर फक्त मावशीच्या चेहऱ्यावर ठेवून त्यांनी तिच्या काखेत हात घातले आणि बाटलीचं बूच काढावं तशी उपसून काढली. मग चुकून खोलीभर नजर गेली. पिंपांची झाकणं बंद, जमीन धुतलेली. "एवढंच?" ते म्हणाले, बाहेर आले, सूट रीतसर उतरवला आणि जिन्यात शांतपणे आडवे झाले.

मालकाने त्याच दुपारी नळकाम करणारा बोलावला. कुजलेलं लाकूड त्याच्याच खर्चाने निघालं. ते नुसतं ओलं होतं, त्यामुळे ते जाळायच्या पिंपात जायची गरज नव्हती. मावशीने न लागलेल्या पिंपांचे पैसे दरातून वजा केले. घड्याळवाल्याला वाटलं, ती ठरलेला दर विसरतेय. त्याने आठवण करून दिली, तेव्हा ती म्हणाली, "न भरलेल्या पिंपाचे पैसे घ्यायला मी अत्तऱ्या आहे का?" चार दिवसांत दुकानाला पुन्हा तेलाचा आणि पितळेचा वास यायला लागला. बाहेर काढायची गोष्ट मालकाने पुन्हा काढली नाही.

गिऱ्हाइकंही परतली, जरा जास्तच. पाय कुठून आला होता, हे बघायला लोक यायला लागले. नुसतं भोक बघून जाणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येकजण घरातलं एखादं बंद घड्याळ घेऊन येतो. परवा सुतार छत बुजवायला आला, तर घड्याळवाल्याने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "पुढच्या महिन्यात या. सध्या कामाची फार गर्दी आहे."