आमच्या किनाऱ्याचा लाल पट्टा

पडद्यावर जिल्ह्याचा तक्ता होता. आतल्या, देवळांच्या गावांपुढे पट्टा जवळजवळ नाहीच. किनाऱ्यावरच्या वाड्यांपुढे लांबलचक, लाल. बायकांवरच्या लैंगिक अत्याचारांचा सरकारी सर्व्हे. कणकवलीतल्या ज्या संस्थेला त्याचं काम मिळालं होतं, तिथं आकडे तपासायला मी कंत्राटावर.

संस्थेचे साहेब लाल पट्ट्यावर बोट ठेवून हसले. "मासे विकणाऱ्या बायका या. नुसता धक्का लागला तरी गाव डोक्यावर घेतात."

सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तिथल्याच ना? तुमच्याकडे हे चालायचंच."

माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकते. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. मी मान खाली घातली. आणि क्षणभर मलाही आमच्याच बायकांचा संशय आला. वाढवून सांगितलं असेल का? मनात आलं आणि स्वतःचीच किळस वाटली.

दुपारी डबा तसाच बाजूला ठेवला. मग लाल पट्टा सोडला आणि त्या कोऱ्या जागा बघायला घेतल्या. एवढ्या घरांत एकीलाही काही झालं नाही? अंगचटीला येणारा दीर नाही? एसटीतला हात नाही? नको म्हटल्यावर ऐकत नाही असा एकही नवरा नाही? मी याच जिल्ह्यात वाढले. मला कुणी शिकवू नये.

सर्व्हेत एक रकाना असतो. बाई उत्तरं देत होती तेव्हा शेजारी कोण होतं? तो कुणी वाचत नाही. मी वाचला. देवळांच्या गावांत सासू. नवरा. सासू. जाऊ. किनाऱ्यावर कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही.

घरोघर फिरून हे प्रश्न विचारणाऱ्या विजयाला फोन लावला.

"गो, थंय बायल एकटी खंय गावता?" ती म्हणाली. "पडवेत बसयतत, चाय हाडतत, नि सासू बाजूकच बसता. तिच्याफुडे कसा इचारतलंय?"

"नि किनाऱ्यार?"

"थंय बायलो म्हावरा निवडत होत्यो. पुरुष होडयेकडे. एकेकीक बाजूक घेवन इचारलंय. रडल्यो, पण सांगल्यानी."

फोन ठेवला तो आपटूनच. रागानं. आमच्या बायका तोंडाळ नव्हत्या. त्यांना एकटं गाठून विचारलं होतं, एवढंच. आणि पडवीत चहा देणाऱ्या त्या बायकांचं 'नाही' खरंच त्यांचं होतं का?

दोन्हीकडचा तो रकाना कागदावर मांडून साहेबांना दाखवला. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला.

"हा रकाना काढून टाका. गोंधळ होतो. किनाऱ्याच्या आकड्यांखाली 'अतिशयोक्तीची शक्यता' लिहा." मग हळूच, "तुमचं कंत्राट संपत आलंय ना?"

रकाना काढायची एवढी घाई का? त्यांचं घरही असल्याच एका कोऱ्या गावात. त्यांच्या पडवीतही चहा झाला असणार. तिथं कोणाला काय विचारलं आणि शेजारी कोण होतं, मला माहीत नाही. सिद्धही करता येणार नाही. पण आता संशय घ्यायची पाळी माझी होती.

मी उभ्यानंच बोलले. "रकाना राहील. अतिशयोक्ती हा शब्द मी लिहिणार नाही. तुम्ही लिहिलात तर खाली माझं नाव घालायचं नाही. आणि का नाही, ते मी सरकारला लिहून कळवणार."

"मासेवालीचा तोरा बघा," ते पुटपुटले.

"हो," मी म्हटलं. "मासेवालीचाच."

कंत्राट जाईल. जाऊ दे. पण यापुढे कोणी कोरा तक्ता दाखवून म्हणालं, आमच्याकडे असलं काही होत नाही, तर मी मान खाली घालणार नाही. मी विचारणार, तिला विचारलंत तेव्हा शेजारी कोण बसलं होतं? आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलणार नाही.