चंद्राच्या रांगेतली गोल खिडकी

आधीच सांगून टाकते — असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही हो! आमच्या हिर्डोशीत ओढ्याच्या वळणावरनं दिवेलागणीनंतर कुणी एकटं जात नाही, मी जाते. वाटेत उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मुद्दाम ओलांडते आणि आईचा ओरडा खाते. म्हणून हे वाचून "पोरगी भित्री असणार" असं म्हणू नका. टायपिंग क्लासच्या मशीनवर भराभर टाईप करतेय, कारण हातानं लिहायला धीरच नाही... चुका सांभाळून घ्या.

माणूस चंद्रावर उतरला ना, त्याच्या पुढच्या चैत्रातली ही गोष्ट. मी भोरला मावशीकडं राहून कॉलेज आणि टायपिंग करत होते. घरी हिर्डोशीला आई, आबा म्हणजे माझे वडील, आणि राधी. राधी म्हणजे आमची म्हैस. डावं शिंग कानावर वाकून खाली आलेलं, उजवं सरळ — शंभर म्हशींत ओळखू येते. तिच्या दुधावरच माझं भोरचं राहणं-शिकणं चालायचं.

आणि ती हरवली. माझ्यामुळं! सुट्टीला घरी गेले होते, तिला चारायला नेलं, आणि झाडाखाली मासिक वाचत बसले. मान वर केली तर राधी नाही! बरं, गाभण. दिवस भरत आलेले. दुसऱ्या दिवशी मला एसटीत बसवताना आबा एवढंच म्हणाले, "घावली तर बरं, शाले. न्हाई तर ह्यो महिना झाला की कॉलेज पुरं. दुसरं काय करनार?" ओरडले असते तर परवडलं असतं. ते हळू बोलले.

चौथ्या दिवशी आबा स्वतः भोरला आले. कुणी चोरून बाजारात आणलीय का बघायला. सगळा बाजार फिरलो आम्ही, राधी नव्हती. हिर्डोशीची एसटी तीनला. ऊन रणरणतंय, आबांच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही. जत्रा भरलेली होती, तिथं त्यांना बळंच भजी खायला घातली... आणि भजीच्या दुकानाला लागूनच तो तंबू!! "चंद्राची सफर"!

क्लासच्या पोरी दोन दिवस कान खात होत्या — पाळण्यात काही दम नाही गं, पण रांग बघ, रांग! खरंच होतं ते. पाळणा म्हणजे दोराला टांगलेलं पत्र्याचं रॉकेट, दोघं जण खांबाभोवती ढकलणार, पाच फेऱ्या, उतरा खाली. पण तिथंपर्यंत जायची जी बोळकांडी होती ना, ती एका पेंटरनं बांबू आणि बारदानातनं उभी केलेली. लोक दोन-दोनदा रांगेत शिरत होते. रांगेसाठी रांग!

"चला ना आबा, आत गार आहे म्हणतात. एसटीला वेळ आहे."

"मला म्हस घावंना आन् तू मला चंद्रावर न्हेतीस व्हय?"

पण आले. उन्हानं आले असतील, किंवा माझं तोंड बघून.

आता रांग ऐका! पहिल्या वळणावर ऑफिस. मोडक्या रेडिओची बटणं फळीवर ओळीनं ठोकलेली, दोन मुके टेलिफोन, आणि पांढरा डगला घालून एक डॉक्टर. प्रत्येकाची नाडी बघणार, जीभ बघणार, मग मनगटावर निळा शिक्का — 'चंद्रास योग्य'.

आबांना म्हणाला, "आजोबा, दात दाखवा."

"ढोरं बघतूस का मानसं रं?" आबा म्हणाले, तशी मागची सगळी रांग हसली. शिक्का मात्र घेतला त्यांनी.

पुढं फळ्या. फळ्यांखाली ट्रकच्या ट्यूबा भरून ठेवलेल्या. पाय टाकला की माणूस हलकं होऊन वर! मी तर जागच्या जागी चार उड्या मारल्या. मग एकदम अंधार... आणि वर चांदण्या. भर दुपारी! वरच्या काळ्या कापडाला सुईनं हजारभर भोकं पाडलेली, बाहेरचं ऊन त्यातनं चमकत होतं. कुठल्या तरी पडद्यामागं बर्फाची लादी ठेवून पंखा मारत होते, अंगावर गार झुळूक यायची. आणि खाली चंद्राची माती — भोरच्या राईस मिलमधल्या तुसाची राख, घोट्यापर्यंत! पाय टाकला की ठसा, अगदी पेपरातल्या फोटोतल्यासारखा. आबा खाली वाकले, राख चिमटीत घेतली, म्हणाले, "चांगली हाय. वाफ्यात टाकाय पायजे." चार दिवसांनी पहिल्यांदा ते राधी सोडून दुसरं काही बोलले, म्हणून मला इतकं बरं वाटलं!

आणि तिथंच रांग अडकली. पुढं रॉकेटचा दोर तुटला होता. मी उभी होते ती बरोबर गोल खिडकीसमोर. घमेल्याएवढी काच, खाली पाटी — 'येथून पृथ्वी पाहा'. पोरींनी सांगितलं होतं, आत निळा चेंडू काढलाय. मी डोळा लावला.

चेंडू नव्हता.

शपथेवर सांगते, खाली आमचं खोरं होतं! वरनं, घारीला दिसत असेल तसं. नीरेचं वळण, घाटाकडं जाणारा रस्ता, आमची नाचणीची पट्टी. पट्टीच्या वर डोंगराला एक चीर, चिरेत दुभंगलेला मोठा खडक, त्याला चिकटून उंबर, उंबराखाली नखाएवढं पाणी चकाकतंय. आणि पाण्याशी एक काळा ठिपका. ठिपका हलला. डोकं फिरवलं त्यानं... डावं शिंग खाली! आणि तिच्या पोटाशी आणखी एक ठिपका, बारका.

मी एवढ्यानं ओरडले की पुढचं पोरगं रडायलाच लागलं. "आबा! राधी!! बघा, बघा इथं!"

आबांनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. "निळा चेंडू हाय गं," ते म्हणाले. "पोरी, तू बी जेवली न्हाईस दिसतंय."

मी परत डोळा लावला. निळा चेंडू. वर पांढऱ्या रंगाचे ढग.

मला रडूच फुटलं. पण जे दिसलं ते सांगत सुटले — खडक असा, मधनं दुभंगलेला, उंबर डाव्या अंगाला, पाणी...

आबांनी माझा दंड धरला. "उंबर कुनीकडं म्हनलीस?"

"डावीकडं. अर्धा वाळलेला."

"तिथं तू कवा गेली व्हतीस?"

"कधीच नाही! कुठं आहे ते?"

नंतर कळलं, ती घळ कारवीच्या रानाआड आहे, वाटेवरनं दिसतच नाही. ते स्वतः लहानपणी एकदा मधासाठी उतरले होते तेवढंच. तिथं म्हैस जाईल असं त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी पटका सारखा केला आणि उलटे फिरले. पाळणा दहा पावलांवर होता हो! पण आम्ही सगळी रांग उलटी कापत बाहेर.

"काय पावनं, चंद्र भरला का?"

"जागा न्हाई वाटतं वर!"

"ओ आजोबा, शिक्का तरी परत द्या!"

एवढ्या लगबगीनं चालताना मी आबांना कधी बघितलं नव्हतं. स्टँडवर पोचलो, एसटी सुटतच होती, कंडक्टरनं हात देऊन आत ओढलं.

हिर्डोशीला उतरलो ते घराकडं न जाता थेट डोंगर. कारवीत शिरलो, हात-तोंड ओरबाडून निघालं. उन्हं कलली होती, पण चांगला उजेड होता. खडक दिसला. मधनं दुभंगलेला. मग डावीकडं उंबर... अर्धा वाळलेला. आबांनी कडेवरनं वाकून हाक मारली, "राधेऽऽ!"

खालनं हुंकार आला!!

घळीत उतरायला वाट होती, पण गाभण जनावराला वर चढता येईना, म्हणून ती तिथंच अडकली होती. पाझराचं पाणी होतं म्हणून जगली. आणि पायाशी रेडी! तिला ती चाटत होती. अजून ओली, उभं राहायला बघायची आणि धपकन बसायची.

आबांनी रेडीच्या अंगावरनं हात फिरवला. "आत्ताच व्याली हाय. घटका झाली आसंल, जास्ती न्हाई."

मी म्हटलं, "आबा, मी दुपारी बघितलं तेव्हा दोन ठिपके होते."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "जा, वाडीवरनं मानसं बोलाव. दोर आनाय सांग." बस्स. वाडीच्या पाच जणांनी मिळून अंधार पडायच्या आत दोघींना वर काढलं.

व्यालेल्या म्हशीचा चीक शेजारीपाजारी द्यायची आमच्याकडं रीत आहे. मी दुसऱ्या दिवशीच भोरला परतले होते; तिसऱ्या दिवशी आबा तांब्याभर चीक घेऊन पहिल्या एसटीनं भोरला आले, मला बरोबर घेतलं आणि थेट तंबूत. पेंटर म्हणजे साधा, रंगानं माखलेला, चाळिशीतला माणूस. त्याला सगळं सांगितलं. आधी हसला... मग हसायचा थांबला. पेचकस आणून त्यानं खिडकीची काच आमच्यासमोर उघडली. आत डब्याचं झाकण, त्यावर निळा चेंडू. झाकण काढलं, मागं फळी. फळीला खिळे, खिळ्यांना गंज. फळीमागं बारदान आणि बारदानामागं भजीचं दुकान!

"ताई, म्या हिर्डोशी बघितली बी न्हाई अजून," तो म्हणाला. डोळे माझ्यासारखेच चमकत होते. "तुमी सांगा, तसंच्या तसं काढतो. खडक, उंबर, म्हस, सगळं. लोकं येडी होतील बघून!"

मी सांगायला तोंड उघडलं, तर आबांनी हात आडवा केला. "नगं. हाय तेच ऱ्हाऊ द्या, पेंटर. कुनाची म्हस कुठं आसंल, काय सांगावं?"

पेंटरनं झाकण परत बसवलं.

आमच्या सायन्सच्या सरांना विचारलं मी. ते म्हणाले, बारीक भोकातनं बाहेरचं चित्र अंधारात उलटं उमटतं, त्यातलाच प्रकार. बरं! पण बाहेर भजी तळत होते, हिर्डोशी नव्हती. आणि समजा कशी तरी उमटली, तरी जी रेडी तेव्हा जन्मलीच नव्हती ती कशी उमटली? सर म्हणाले, नंतर बोलू. त्याला वर्ष होऊन गेलं. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं तर खरंच कळवा, कारण मी डोकं खाजवून थकले. परवा आबांना परत एकदा विचारलं, "तुम्हाला काय वाटतं हो, ते काय होतं?"

राधीची धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हस घावली न्हवं? मग तू तुझी परीक्षा बघ."