रविवारचं विमान

आमच्या धरणाच्या मधोमध एक टेकडी आहे. पाणी चढलं की तिचं बेट व्हायचं. त्या बेटावर पुण्या-मुंबईच्या बड्या लोकांनी बंगले बांधले आणि अलीकडच्या माळावर त्यांच्या विमानांसाठी धावपट्टी केली. मी त्या पट्टीचा राखणदार. विमान यायच्या आधी कुत्री, शेळ्या हाकलायच्या, एवढंच काम. बायको बेटावर झाडलोट करायची आणि तिथल्या तळ्यातल्या चार पांढऱ्या बदकांना दाणा घालायची.

लागोपाठ दुष्काळ पडला. पाणी इतकं आटलं, की बेटावर पायी जाता येऊ लागलं. चिखल बघायला विमानानं कोण येणार? बंगल्यांना कुलपं लागली. तळ्याची मोटरही बंद झाली.

मग मॅनेजरचा फोन आला. "काका, रविवारी विमान येतंय. बदकं पट्टीवर आणून ठेवा. मालकांच्या फार्महाऊसवर न्यायचीत."

रविवारी उजाडताच बायकोनं बदकं डालग्यांत घातली आणि आम्ही दोघांनी ती धरणाच्या भेगाळलेल्या तळातून वाहून आणली. "यांचं तरी बरं होईल," ती म्हणाली.

पट्टीजवळच्या पत्र्याखाली आम्ही बसून राहिलो. ऊन तापलं. प्यायला आणलेलं पाणी तिनं बदकांवर शिंपडलं. दुपारी एका बदकानं मान टाकली. मी फोन लावत होतो, कुणी उचलत नव्हतं. संध्याकाळी मॅनेजरनं उचलला.

"अहो काका, ते रद्द झालं. सांगायचं राहूनच गेलं. सोडा परत तळ्यात."

"साहेब, तळ्यात पाणी न्हाय."

"मग बघा तुम्हीच काहीतरी."

उरलेली तीन आम्ही पट्टीवरच्या पाहुण्यांच्या खोलीत ठेवली. गुबगुबीत सोफे, काचेची दारं, आणि मधे घमेलंभर टँकरचं पाणी. त्यात त्यांना धड बसताही येईना. एकामागून एक तिन्ही गेली. माळाचा मुरूम कठीण; टिकावानं खड्डा खणताना माझे हात सोलले.

माती लोटता लोटता बायको म्हणाली, "अवो, आपलं पुढं काय, ते तरी कुणी सांगितलंय?"

मी खड्ड्यावर दगड रचले. त्यानंतर ती धरणाकडं गेलीच नाही. घरातही फारसं बोलत नाही.

परवा मॅनेजरचा फोन आला. "पट्टी साफ आहे ना?" एवढंच विचारलं.

मी व्हय म्हणालो. विमान कधी येणार, हे काही विचारलं नाही.