मावशीचं उदगिरी स्पॅनिश

उदगीर जिल्हा होईल तेव्हा होईल, पण उदगिरात बसल्या बसल्या अख्ख्या स्पेनला बोलायला शिकवील अशी बाई आमच्याकडे आधीपासूनच आहे. ती म्हणजे माझी मावशी. भाजीवालीशी मराठी, आडत्याशी कानडी, बांगडीवाल्याशी दखनी, अशा तीन भाषांत घासाघीस करण्याचा तिचा सराव दांडगा. त्यामुळे मुलानं स्पेनमध्ये लग्न केलं आणि त्याची सासू भेटीला यायचं ठरलं, तेव्हा तिनं चौथी भाषा बिनदिक्कत अंगावर घेतली. गुडघ्यांमुळे तिला लग्नाला जाता आलं नव्हतं. विहीणबाई नवऱ्यामागं एकट्या, लेकही एकुलती एक. "माझ्या घरी येऊन मुक्यासारखी बसून जावी का तिनं? लेकीची सासू कशी हाय, हे तिला माझ्याच तोंडून कळाय पाहिजे," मावशी म्हणाली. मुलगा दुभाषा व्हायला तयार होता. "दोन विहिणींच्या मधी पोरगा कशाला?" म्हणून तिनं त्याला परस्पर रद्द केलं.

मोबाइलवरचे धडे ती मोठ्यानं गिरवायची. कामीसा म्हणजे सदरा आणि मेसा म्हणजे टेबल, हे कळताच तिनं जाहीर केलं, की ही आपली दखनीच. कमीज आणि मेज बोटीत बसून तिकडं गेलेत. खाबोन म्हणजे साबण, हे मात्र मला पटेना. "अगं, साबूनच हाय ते. घसा बसलाय त्याचा." 'एस्तोय कोमियेंदो' शिकली त्या दिवशी तर तिनं थेट पुण्याला माझ्या जावेला फोन लावला. ही जाऊ मावशीच्या 'जेवून राहिले'ला नेहमी हसायची. "एस्तोय म्हणजे राहिले, कोमियेंदो म्हणजे जेवून. तिकडं बी उदगीरवानीच बोलतेत. तुमचंच काहीतरी चुकून राहिलंय, बाई."

घरात ऐकणारं कुणी उरलं नाही, तेव्हा ती गल्लीत सराव करू लागली. लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं तो हा उन्हाळा. आमचंही टँकरवरच भागत होतं. एका सकाळी ती टँकरसमोर उभी राहिली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "आय आग्वा?" म्हणजे, पाणी आहे का? त्या बिचाऱ्यानं हात जोडले. "मावशी, आयमाय कशाला काढता? नंबरानंच देऊन राहिलो न्हवं!" सगळी गल्ली हसली. मावशीनं त्याला शांतपणे अर्थ समजावला आणि त्या गडबडीत एक घागर जास्त भरून घेतली.

असल्या टंचाईत पाहुणी बोलावणं मला झेपणारं दिसेना. अंघोळी, धुणं, भांडी असा पाण्याचा सगळा मेळ घालून पाहिला आणि भेट दिवाळीवर ढकलायचं मी तिच्या मुलाशी ठरवूनही टाकलं. आता व्हिडिओ कॉलवर मावशीनं विहीणबाईंना "नो आय आग्वा", पाणी नाही, एवढंच सांगायचं होतं. वाक्य तिला तोंडपाठ होतं. पडद्यावर विहीणबाई दिसल्या. मोठ्या हौसेनं त्यांनी नवी बॅग कॅमेऱ्यापुढं धरली होती. मावशीनं पदर सावरला आणि म्हणाली, "आय आग्वा. वेंगा."

पाणी आहे, या! मी कपाळाला हात लावला. "वेंगा म्हणजे या गं," ती मलाच समजावू लागली. "आपण पोराला वेंगेत, कवेत घेतो ना, त्यातलंच हाय ते."

त्या आल्या. टँकर, जार, बादल्या यांची व्यवस्था मी लावली आणि दोघी विहिणी संध्याकाळभर गच्चीवर बसून बोलत राहिल्या. काय बोलत होत्या, देव जाणे. एकीचे डोळे भरले, की दुसरी तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मग दोघी हसायच्या. निघायच्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "मे वोय." मी जाते. मावशीचा चेहरा उतरला. "जाते म्हणू नाही. येते म्हणायचं." पण तसं म्हणायची सोय तिला त्या भाषेत सापडेना. शेवटी गाडी दारात खोळंबवून तिनं विहीणबाईंनाच मराठी शिकवलं. गाडी वळताना काचेतून हात बाहेर आला आणि आवाजही, "येते!"

पुढं पाऊस झाला, नळालाही पाणी आलं. विहीणबाईंचं पुन्हा येणं मात्र राहूनच गेलं. आता त्यांनाही लांबचा प्रवास होत नाही. परवा मी सहज तसं बोलून गेले. मावशी धडा गिरवता गिरवता थांबली.

"येते म्हणून गेलीय ती," म्हणाली. "म्हणजे वाटंतच हाय की."