आतून कडी

वैजयंता गेल्याचं मला तिच्या नवऱ्यानं फोनवर सांगितलं. मी इंदापुरात घरी भाजी निवडत बसले होते. हनुमंतराव एरवी शिवारात हाक मारल्यासारखं मोठ्यानं बोलणारा माणूस. त्या सकाळी आवाज इतका बारीक आला, की मला वाटलं रेंज गेली. "बाई, वैजयंता गेली," एवढंच म्हणाले. मग त्यांच्या धाकट्या भावानं फोन घेऊन बाकीचं सांगितलं. आदल्या दिवशी पुतणीचा साखरपुडा होता. जळोचीला त्यांच्याच बंगल्यापुढे मांडव होता आणि फोटो अर्थातच वैजू काढत होती. दुपारीच तिच्या छातीत भरून आलं होतं, पण तिनं ते सांगितलं शेवटची पंगत उठल्यावर, व्याह्यांच्या गाड्या निघून गेल्यावर. बारामतीत दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. "वैनीनं कुणालाच कळू दिलं न्हाय, बाई," दीर म्हणाला. त्याला रडू येत होतं हे खरं, पण त्याच्या आवाजात कौतुकही होतं. ते कौतुक अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

दहाव्याला नदीकाठी बरीच गर्दी होती. आमच्याकडे दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात. माईक असतो, बोलणाऱ्यांची यादी असते आणि यादीत नाव नसलेलेही बोलतात. त्या दिवशी एकामागून एक पाच-सहा पुरुष उठले आणि सगळे जवळपास एकच वाक्य बोलले. वैजयंतावहिनींनी घर सांभाळून कला जोपासली. एकानं तर तारेवरची कसरत म्हटलं. कसरत बघणारे खाली खुर्च्या टाकून बसलेले असतात, हे मात्र तो म्हणाला नाही. बायका पदरानं डोळे पुसत माना डोलावत होत्या. मलाही निरोप आला, बाई, तुमी तिच्या कलेबद्दल चार शब्द बोला. मी नको म्हटलं. बोलले असते तर दहावा बिघडला असता. तिथं गिळलं ते आता, काही आठवडे उलटल्यावर, इथं लिहिते आहे.

आमची ओळख पुण्यातली, चित्रकला शिक्षकाचा कोर्स करतानाची. मी इंदापूरची, ती भिगवणजवळच्या डाळजची. एकाच एसटीनं येणंजाणं, त्यामुळे मैत्री व्हायला फार काही करावं लागलं नाही. भिगवणला लोक लांबलांबून पक्षी बघायला येतात. हिला पक्ष्यांचं काही नव्हतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं, की जो ओला चिखल उघडा पडतो, तो तिला रंगवायचा असायचा. तपकिरी, करडा, मध्येच जांभळट. आमचे एक सर म्हणायचे, एवढी हुशार मुलगी आणि चिखल काय काढते. पण तो चिखल बघताना पाय आत रुतेल असं वाटायचं. वर्गात मी मेहनती होते, ती कलावंत होती. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि त्याचा थोडा रागही यायचा.

ती जलरंगात काम करायची, आणि पुढचं सगळं कळायला जलरंगाची एक गोष्ट माहीत असायला हवी. मोठ्या कागदावर पातळ रंगाचा थर एकसलग पसरायचा असतो. त्याला आम्ही वॉश म्हणतो. वॉश ओला असेपर्यंत उठायचं नसतं. मध्येच उठलात, की तिथवरची कडा वाळते आणि कागदावर एक रेघ उमटते. नंतर कितीही पाणी फिरवा, ती जात नाही. रंग चुकला तर सावरता येतो, उठलेलं सावरता येत नाही.

तिचं लग्न झालं ते जळोचीच्या मोठ्या घरात. कन्हेरीला शेती, ऊस आणि भाजीपाला, घरात सासूबाई, सासरे म्हणजे आबा, दोन दीर, जावा, पुढे सगळ्यांची मुलं, शिवाय रोजची गडीमाणसं. बघायला आले तेव्हा तिची चित्रं त्यांना दाखवली होती आणि पसंतही पडली होती. मुलगी हौशी आहे, म्हणाले. हौस म्हटलं की संपलं. हौसेला वेळ द्यावा लागत नाही, ती उरलेल्या वेळात भागते. जिन्याच्या मधल्या वळणावर जरा सपाट जागा होती, तिथं ती बोर्ड मांडायची. वरून खाली जाणारा आणि खालून वर येणारा तिला ओलांडून जायचा.

लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी तिनं मला पहिल्यांदा ती चित्रं दाखवली. कॉटखालून गठ्ठा काढला आणि एकेक कागद पुढे ठेवला. प्रत्येक चित्रात कुठंतरी एक आडवी-तिरपी रेघ. आभाळात, पाण्यात, भिंतीवर. मी काही बोलायच्या आत तीच सांगायला लागली. "ही रेघ आबांच्या चहाची. ही धाकट्या भाऊजींची, त्यांना कोर्टाच्या तारखेला जायचं हुतं, डबा पायजे हुता. आन् ही लांबडी बघ, ही म्हशीनं दावं तोडल्याची." आणि हसली. मी हसले नाही. "टाकून का देत नाहीस?" मी विचारलं. "टाकून देऊन दुसरं काढलं, तर त्यात रेघ यायची न्हाय व्हय?" ती म्हणाली आणि कागद परत कॉटखाली सरकवले.

कॅमेरा आला तो मुलं शाळेत जायला लागल्यावर. तिचं म्हणणं साधं होतं. फोटोला मध्येच उठावं लागत नाही, कुणी हाक मारायच्या आत निघून जातो. हनुमंतरावांनी हौसेनं आणून दिला. त्या माणसानं तिला कधी कशाला नाही म्हटलं नाही, हे मला लिहायलाच हवं. वाईट माणूस असता तर सगळं सोपं होतं. पण महिन्याभरात कॅमेरा घरचा झाला. बारसं, जावळ, वाढदिवस, गोंधळ, वास्तुशांत, सगळीकडे फोटो वैजूकडे. टोमॅटोच्या पानावर ठिपके पडले, काढ फोटो, औषधवाल्याला पाठव. नात्यात कुठंही कार्य निघालं की निरोप ठरलेला, वैजूला घेऊन या आणि कॅमेरा विसरू नका. म्हणजे आधी स्वयंपाकघरातच राबायची, आता मांडवातही. आणि जिकडून तिकडून तेच, किती हौस हो वहिनींना.

त्या गर्दीत ती हळूच आपले फोटो काढून घ्यायची. पंगत उठल्यावरची उष्ट्या ताटांची चळत, मोरीतल्या ओल्या फरशीवर पडलेलं दुपारचं ऊन, मांडव सोडताना उघडे पडलेले बांबू. नंतर हातात कॅमेऱ्याचा मोबाईल आला तसे ते सगळे फोनमध्ये साठत गेले. मला पाठवायची आणि खाली लिहायची, 'मोकळी झाले की हे रंगवायचं.' मोकळी. या शब्दाचा मला हळूहळू तिटकारा आला. मुलं मोठी झाली की मोकळी, सासूबाईंचं दुखणं आवरलं की मोकळी, तोडणी झाली की मोकळी. मी लग्न केलं नाही, म्हणून मला हे बोलायला सोपं जातं असं काहीजण म्हणतील. म्हणोत बापडे.

एकदा बारामतीत आम्ही काही जणांनी मिळून प्रदर्शन भरवलं. मी मागं लागून तिची चित्रं त्यात लावली. घरचे जीप भरून आले, चित्रांपुढे उभं राहून फोटो काढले, पेढे वाटले. पुण्याहून आलेले एक जाणकार गृहस्थ तिच्या चित्रांपुढे बराच वेळ थांबले. त्या रेघेवर बोट फिरवत म्हणाले, अवकाशाची ही विभागणी फार धाडसी आहे, ही तुमची शैलीच आहे. वैजूनं अगदी नम्रपणे मान खाली घातली. ते पुढे गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सांगू का त्यास्नी, ही विभागणी म्हशीनं केली म्हणून?" त्या वेळी मात्र आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो. तेवढ्यात घरून फोन आला, कांदे भरायची गाडी आलीय, माणसांचं जेवण करायचं आहे. चहापान व्हायच्या आत ती निघाली.

जळोचीला नवा बंगला बांधायला काढला, तेव्हा हनुमंतरावांनी स्वतःहून कबूल केलं, वरची उत्तरेची खोली तुझी, चित्रांची. वैजू त्या दिवशी मला फोनवर पोरीसारखी बोलली. तिला खिडकी नको होती, कपाट नको होतं, मोठं टेबलही नको होतं. तिला दाराला आतून कडी हवी होती. वॉश वाळेपर्यंत दार लावून बसता यावं, एवढंच. तिनं सुताराला तसं सांगितलं, त्यानं दाराला आणि चौकटीला भोकंही पाडली. सासूबाई तिथंच उभ्या होत्या. "दिसाढवळ्या बाईमाणसानं आतनं कडी लावायची? दार लावून बसायला घरात काय मयत हाय का? लक्ष्मी दारातनं माघारी जाती," म्हणाल्या. सुतारानं तिच्याकडं बघितलं, तिनं हनुमंतरावांकडं आणि हनुमंतरावांनी मोबाईलकडं. "बघू की निवांत," ते म्हणाले. कडी बसली नाही. भोकं तशीच राहिली.

कडीच नसल्यावर खोली तरी कशी राहील? आधी तिथं सासूबाईंचा पलंग आला, त्या पडून होत्या तोवर. मग पुतण्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला आला. तो गेल्यावर ठिबकच्या नळ्यांची बंडलं आणि खताची पोती. गेल्या उन्हाळ्यात मी गेले, तेव्हा ती त्याच पोत्यांमधल्या फटीत बोर्ड मांडून बसली होती. डाळजचा चिखल काढत होती, इतक्या वर्षांनी पुन्हा. अर्धा कागद झाला होता, आणि मी सांगते, तो अर्धा कागद आमच्या सगळ्या वर्गाला मिळून जमला नसता. मी श्वास धरून शेजारी बसले. खालून हाक आली, "वैजयंता, पाव्हणं आल्यात, चहा टाक." तिनं ब्रश पाण्यात बुडवला, जाताना दाराच्या त्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि खाली गेली. आमची ती शेवटची भेट.

परवा हनुमंतरावांचा पुन्हा फोन आला. बाई, एकदा येऊन जावा, तिच्यासाठी काहीतरी केलंय, तुमीच बघितलं पायजे. मी गेले. त्यांनी मला वरच्या त्या खोलीत नेलं. पोती नाहीत, नळ्या नाहीत. भिंतींना नवा पांढरा रंग, वर छोटे दिवे, आणि चारी बाजूंना वैजूची चित्रं, काचेच्या फ्रेममध्ये. कॉटखालचा सगळा गठ्ठा भिंतीवर आलेला. दारावर पितळी पाटी, तिच्या नावाचं कलादालन. बरं वाटायला हवं होतं, आणि मला भयंकर राग आला होता. तिच्या फोनमधले फोटो कुठं आहेत, मी विचारलं. "कार्यातलं समदं ठेवल्यात. ते भांड्याबिंड्यांचं, फरशीचं लई हुतं, पोरानं काढून टाकलं. जागा पुरंना." त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं. मग त्यांनी मला दाराशी बोलावलं. "आन् ही बघा, कडी बसवून घेतली. पितळंची. तिची लई इच्छा हुती..." आणि तो थोराड माणूस कडीवर हात ठेवून रडायला लागला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता कदाचित. पण माझा हात उचललाच गेला नाही.

थोड्या वेळानं ते डोळे पुसून खाली गेले. मी खोलीत एकटी उरले. मधोमध तिची खुर्ची ठेवली होती, समोर तो अर्धा चिखल, तोही फ्रेम केलेला. कागदाच्या बरोबर मध्यावर रेघ वाळलेली होती. तिला नाव द्यायला वैजू नव्हती, पण ती कशाची ते मला माहीत होतं. त्या वेळी मी शेजारीच बसले होते.

मी उठले, दार लोटलं आणि आतून कडी लावली. ती अगदी सहज बसली, भोकं बरोबर जागेवर होती. मग येऊन खुर्चीत बसले. खाली भांडी वाजत होती, कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं. बऱ्याच वेळानं जिन्यावर पावलं वाजली आणि दारावर टकटक झाली.

"बाई, चहा झालाय. खाली येताय न्हवं?"

मी बसूनच राहिले. हनुमंतरावांनी दार ढकलून बघितलं, ते उघडलं नाही. "बाई? गार हुतोय."

"होऊ द्या," मी म्हटलं.