शेंगेतला धोंडा

मासे आधी आले, मग बातमी. त्या सकाळी अंबरनाथला आमच्या दारात माहेरच्या गावची पार्वतीकाकू उभी होती. हातात पळसाच्या पानांत बांधलेला नेहमीचा वाटा. मी म्हटलं, "काकू तू? दादा कुठाय?" ती उंबऱ्यातच बसली. "बाये, राघोनं वाटं लावलं, तुजा बांधून बाजूला ठेवला, न तितंच काठावर कलंडला..." माझा थोरला भाऊ गेला होता आणि मी त्याने बांधलेले मासे हातात धरून उभी होते. सुतकात शिजवायचे नव्हतेच. शेजारच्या सिंधी बाईला देऊन टाकले. शेवटचा वाटा, तोही आमच्या पोटात गेला नाही.

राघोदादा बदलापूरजवळ उल्हास नदीवर मासे धरायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. नदी आणि मी, एवढाच त्याचा गोतावळा. लढाई संपून लष्कराची छावणी उठली, तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि कॅम्पात भंगाराचा बाजार भरू लागला. तिथून दादाने रॉकेलवर चालणारं एक छोटं इंजिन आणलं आणि बापाच्या रुंद होडीला मागे जोडलं. मागे दादा बसायचा, पुढे जाळं टाकायला आमचे हे, म्हणजे माझा नवरा; तेव्हा आम्ही गावातच राहायचो. पण ती होडी कसली, म्हैस! पाण्यात बसली की हलायला तयार नाही आणि इंजिन घटाघटा रॉकेल प्यायचं. रॉकेल तर रेशनवर. आम्ही चिमणी विझवून अंधारात जेवायचो, का तर इंजिनाला हवं. मी दादाला म्हणायचे, "मेल्या, तुझं इंजिन आमच्याआधी जेवतं."

मग त्याच्या डोक्यात लांब, अरुंद होडीचं खूळ शिरलं. "रुंद होरी पानी ढकलते, बाये. ढकलाला रॉकेल लागतं. आपली होरी पानी चिरत जाईल," असं म्हणत सुताराबरोबर तो अख्खा उन्हाळा त्या फळ्यांशी झटत राहिला. होडी तयार झाली तेव्हा काठावर हशाच पिकला. कोणी म्हणे, ही शेवग्याची शेंग, बसायचं की आमटीत टाकायची? नाव पडलं ते पडलंच. पण शेंग पाण्यात सोडली आणि हसणारे गप्प झाले. दादा एकटाच तिला घेऊन खाली कॅम्पाच्या काठापर्यंत गेला, परत आला, तरी डब्यात रॉकेल शिल्लक! त्याने तो डबा सगळ्यांसमोर कानाशी धरून हलवला आणि आनंदाच्या भरात ओरडला, "आता यकलाच मानूस पुरे!" आमचे हे तिथेच उभे होते, खांद्यावर जाळं टाकून...

पुढच्याच आठवड्यात हे अंबरनाथला कारखान्यात लागले. झालं, गावाला विषय मिळाला. "राघोनं रॉकेल वाचवाला मेव्हना उतरवला." खरं तर होडीला पाणी लागायच्या आधीच मी यांच्या मागे लागले होते. मला महिन्याचा पगार हवा होता, खोलीत विजेचा दिवा हवा होता. हे मी दादाला लपवलं नाही. दर खेपेला सांगायचे, "दादा, तुझ्या बोलण्याने नाही गेले ते. मी धाडलं." तो नुसता हसायचा. "तू माजा मन राखतेस." यांनी एकदा स्वतःच्या तोंडाने सांगितलं असतं तर त्याला पटलं असतं. पण हे म्हणजे मुखदुर्बळ! "सांगेन गं," म्हणायचे, आणि दोघं भेटले की नदीला पाणी किती आणि मासा कुठे, याच्यापुढे गाडी जायची नाही.

आमच्याकडे रीत अशी, की होडीचा एक वाटा आणि होडीत बसणाऱ्या प्रत्येकाचा एक. यांचा वाटा दादाने कधी बंद केला नाही. स्वतः अंबरनाथला आणून द्यायचा. शिवाय तो धोंडा! शेंग दोघांच्या बेताची होती. दादा एकटा मागे बसला की तिचं नाक आभाळाकडे. दुसऱ्या कोणी ती कापून आखूड केली असती. याने गावातल्या दोघांना हाताशी धरून नदीतला मोठा धोंडा आणला आणि यांच्या जागेवर बसवला. मी चांगलीच कडाडले. "रॉकेल वाचवायला होडी केलीस आणि तिच्यात धोंडा घेऊन फिरतोस? कापून टाक ना पुढचा भाग!"

"कापली तर भावजी येतील तवा बसतील कुठं?" तो म्हणाला. "जागा हाय तवर वाटा हाय."

त्या दिवसापासून त्याचा मासा माझ्या घशाखाली नीट उतरला नाही. दिवा माझ्या खोलीत लागला होता आणि बोल माझा भाऊ सोसत होता. पण नको कशी म्हणू? वाटा नाकारला असता तर त्याने यांचा राग समजला असता. मी खात राहिले.

दादाचं बारावं-तेरावं झालं, त्यानंतर आम्ही दोघं नदीवर गेलो. इंजिन काढून घरात ठेवलं होतं, शेंग काठाला बांधलेली. हे वाकले, एका गाववाल्याच्या मदतीने धोंडा काठावर काढला आणि इतक्या वर्षांनी आपल्या जागेवर जाऊन बसले. मी मागे बसले, दादाच्या जागी. होडीचं नाक खाली गेलं, पाणी पार होडीच्या कडेशी आलं. दादाने धोंडा निवडला तो जाळं टाकणाऱ्या तेव्हाच्या काटकुळ्या पोराच्या वजनाचा. कारखान्याच्या पगारावर आमच्या ह्यांचं पोट सुटलंय, ते त्याने हिशेबात धरलंच नव्हतं. मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

हे उतरले. धोंड्याशेजारी उकिडवे बसले, त्याच्यावर हात ठेवला. "दादा," हे म्हणाले, "तुमच्या बोलण्याने नाही गेलो हो मी."

आम्ही धोंडा परत होडीत ठेवला. शेंग अजून तिथेच बांधलेली आहे. तिचं नाक पाण्यात वाकलेलं असतं आणि मागची, दादाची जागा वर उचललेली.